सह्याद्रीचं धाकटं भावंड

मॉरिशसमध्ये गाडीनं जाताना उसाच्या फडांमध्ये मधूनच काळ्या दगडांचे मोठाले ढीग दिसतात. दोन-दोन पुरुष उंच, नीट रचलेले, काही तर पायऱ्यापायऱ्यांचे. पहिल्यांदा पाहणाऱ्याला वाटावं, कुणाची तरी जुनी समाधी असेल. तसं काही नाही. शेत मोकळं करताना जमिनीतून निघालेले धोंडे आहेत ते, मजुरांनी उचलून एका बाजूला रचलेले. जवळ जाऊन एक दगड हातात घेतला की ओळख पटते. काळाकरडा, जड, अंगावर बारीक भोकं. आपल्याकडे वाड्याचं जोतं, नदीचा घाट, पाटा-वरवंटा ज्याचा असतो तो हाच, काळा पाषाण. भूगोलाच्या पुस्तकातला बेसाल्ट.

हे साम्य नुसतं दिसण्यापुरतं नाही. मॉरिशस आणि सह्याद्री एकाच भट्टीतून निघाले आहेत. मुंबईपासून साडेचार हजार किलोमीटरहून लांब असलेलं हे बेट समजून घ्यायचं तर मला इथूनच सुरुवात करावीशी वाटते. समुद्रकिनारे, हनिमून पॅकेज वगैरे नंतर.

पापड भाजताना तो विस्तवावर धरून हळूहळू सरकवतो ना आपण? जिथे आच लागते तिथे फोड उठतो. पापड पुढे सरकला की पुढचा फोड. विस्तव मात्र जागेवरच असतो. पृथ्वीच्या पोटातही काही ठिकाणी अशी जागेवर बसलेली आच आहे. खोलवरून तापलेला खडक तिथे वर येत राहतो, आणि त्याच्यावरून पृथ्वीचं कवच, म्हणजे आपला पापड, वर्षाला काही सेंटिमीटर या गतीनं सरकत असतं. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी या आचेवर भारत होता. तेव्हा जमीन फाटून लाव्हा थरांवर थर ओतत राहिला आणि दख्खनचं पठार तयार झालं. सह्याद्रीच्या कड्यांवर आडव्या पट्ट्या दिसतात, त्या याच थरांच्या. मग भारत उत्तरेला सरकला आणि मागे फोडांची रांग उठत गेली. लक्षद्वीप, मालदीव, चागोस अशी ती रांग नकाशावर आजही बोटानं गिरवता येते. त्यातले ज्वालामुखी केव्हाच पाण्याखाली खचले, आता वर उरली आहेत ती प्रवाळांची बेटं.

मध्ये एक गुंता झाला. समुद्राच्या तळाशी दोन कवचांमधली जी शीव आहे, ती शीवच या आचेवरून ओलांडून गेली. त्यामुळे विस्तव तोच राहिला, पण वरचा पापड बदलला. भारताचा गेला, आफ्रिकेचा आला. त्या नव्या पापडावर ८० ते ९० लाख वर्षांपूर्वी जो फोड उठला तो मॉरिशस. त्याच्याही नंतरचा, शेजारचा, रेयुनियन. तिथला पितों दे ला फुर्नेझ हा ज्वालामुखी अजून वरचेवर उसळतो, म्हणजे आच सध्या तिथे आहे. मॉरिशसचा विस्तव विझलेला आहे. क्युरपिप गावात भर वस्तीत एक विवर आहे. त्याच्या काठाने लोक सकाळी फिरायला जातात आणि तळाशी झाडी माजली आहे.

या गोष्टीला एक शेपूट आहे. २०१७ मध्ये भूवैज्ञानिकांनी मॉरिशसच्या खडकात झिर्कॉन या खनिजाचे कण सापडल्याचं जाहीर केलं. खडक ६० लाख वर्षांचा आणि त्यातले काही कण ३०० कोटी वर्षांचे. नातवाच्या खिशात खापरपणजोबांचं नाणं सापडावं तसं. त्यांनी लावलेला अर्थ असा, की भारत आणि मादागास्कर एकमेकांपासून तुटताना जुन्या जमिनीचा एक तुकडा मध्येच राहून गेला, बुडाला, आणि मॉरिशसचा लाव्हा वर येताना त्यातून हे कण घेऊन आला.

वारा कुठून येतो त्यावर सगळं

मुख्य बेट सुमारे १,८६५ चौरस किलोमीटर. म्हणजे गोव्याच्या निम्मं. लोकसंख्या साडेबारा लाखांच्या आसपास. बेटाच्या मधोमध पठार आहे आणि त्याच्या भोवती डोंगरांचे तुटक तुटक तुकडे उभे आहेत. एका जुन्या, प्रचंड ज्वालामुखीच्या कडेचे ते अवशेष. सर्वांत उंच शिखर ८२८ मीटर, म्हणजे आपल्याकडचा मधल्या फळीतला किल्ला. पण समुद्रातून थेट उठत असल्यामुळे ते डोंगर आहेत त्याहून उंच वाटतात. राजधानीच्या मागच्या पीटर बोथ शिखराच्या टोकावर तर एक भलामोठा धोंडा माणसाच्या डोक्यासारखा बसलेला आहे. सतराव्या शतकात मॉरिशसजवळ जहाज बुडून मेलेल्या एका डच अधिकाऱ्याचं नाव त्या शिखराला दिलेलं आहे, पण भोजपुरी बोलणारे त्याला ‘मुडिया पहाड’ म्हणत आले. त्यांच्या गोष्टीत तो एक दूधवाला आहे. पऱ्यांचं गुपित त्यानं फोडलं आणि तो दगड होऊन बसला.

आता अक्षांश बघा. विषुववृत्ताच्या वर नाशिक जितकं, जवळपास तितकंच खाली पोर्ट लुई, मॉरिशसची राजधानी. अंतर तेच, पण बाजू उलटी, म्हणून ऋतूही उलटे. नोव्हेंबर ते एप्रिल उन्हाळा, पाऊस आणि चक्रीवादळं. जुलै-ऑगस्ट हिवाळा. आमचं जाणं झालं ते जुलैत. ‘बेटावर कसली थंडी’ म्हणून नुसते सुती कपडे नेले होते आणि पठारावरच्या एका दुकानात पहिल्याच संध्याकाळी स्वेटर विकत घ्यावा लागला.

पठारावर गारठा आणि किनाऱ्यावर घाम, हे कसं? वर्षातला बहुतेक काळ इथे वारा आग्नेयेकडून येतो. समुद्रावरून येताना बाष्प घेऊन येतो, पठार चढताना गार होतो आणि तिथेच रिता होतो. पलीकडच्या बाजूला उतरेपर्यंत त्याच्याकडे द्यायला फारसं काही उरत नाही. महाबळेश्वरात धुवाधार आणि तिथून थोडं पूर्वेला गेलं की कोरडं, तोच हिशेब. फक्त इथे दिशा उलटी, आणि तासाभराच्या प्रवासात हे सगळं बघून होतं. पठारावरच्या क्युरपिपला छत्री असते तेव्हा पोर्ट लुईत कडक ऊन असतं.

चक्रीवादळं इथे घड्याळाच्या काट्यांच्या दिशेनं फिरतात, आपल्याकडची उलट. १९६० मध्ये लागोपाठ दोन वादळांनी बेट झोडपलं. त्यातलं दुसरं, कॅरोल, इतकं भयंकर होतं की पत्र्याची आणि लाकडाची घरं हजारांनी गेली. त्यानंतर लोक सपाट छपराची सिमेंटची घरं बांधू लागले. सुंदर बेटावर ही चौकोनी खोकी कशाला, असं पाहुण्याला वाटतं. कॅरोल पाहिलेल्या माणसाला तसं वाटत नाही. वादळाच्या इशाऱ्याचे चार वर्ग आहेत. तिसरा लागला की घरात बसायचं, हे शाळकरी पोरालाही पाठ असतं.

किनारा निळा-हिरवा दिसतो त्याचं श्रेय प्रवाळांना. बेटाला जवळजवळ पूर्ण वेढा घालणारी प्रवाळांची भिंत आहे. मोठ्या लाटा बाहेरच फुटतात आणि आत उथळ, शांत पाणी राहतं. पांढरी वाळू हा बहुतांशी प्रवाळांचा आणि शिंपल्यांचा चुरा. जिथे नदी समुद्राला मिळते तिथे गोड्या, गढूळ पाण्यात प्रवाळ टिकत नाही, म्हणून भिंतीत खिंड पडते. बंदरं अशाच खिंडींपाशी झाली. २०२० च्या जुलैत आग्नेय किनाऱ्याजवळ वाकाशियो नावाचं जहाज या प्रवाळांवर चढलं आणि सुमारे हजार टन इंधनतेल समुद्रात गेलं. तेव्हा लोकांनी सरकारची वाट पाहिली नाही. उसाचं पाचट कापडी पिशव्यांत कोंबून, त्यांच्या लांबच लांब माळा करून त्यांनी समुद्रात बांध घातला. हातात होतं ते वापरलं, आणि मॉरिशसमध्ये हातात असतो तो ऊस.

मूळचं कोण?

पण ऊसही इथला नाही. हेच या देशाचं सगळ्यात मोठं वैशिष्ट्य आहे, असं मला वाटतं. इथे ‘मूळ रहिवासी’ नावाचा माणूसच नाही. अरब दर्यावर्दींना बेट ठाऊक होतं, पोर्तुगीज येऊन गेले, पण राहिलं कुणी नाही. १५९८ मध्ये डच उतरले आणि आपल्या राजपुत्र मॉरित्सचं नाव बेटाला देऊन गेले. त्यांनी पुढे वस्ती केली, १६३९ मध्ये जावाहून ऊस आणला, हरणं आणली. जहाजांबरोबर उंदीर, डुकरं, माकडंही आली. इथला डोडो म्हणजे कबुतराच्या कुळातला थोराड पक्षी. बेटावर शत्रूच नसल्यामुळे तो उडणं विसरून गेला होता आणि अंडी जमिनीवर घालत होता. १६६२ नंतर तो दिसल्याची खात्रीची नोंद नाही. आज तो देशाच्या राजचिन्हावर आहे, टी-शर्टांवर आहे, चाव्यांच्या साखळीला लटकतो आहे. नव्हता तेव्हाच फार लाडका झाला.

डचांनी एबनीची काळी, कठीण लाकडं तोडून नेली आणि १७१० मध्ये वादळांना, उंदरांना कंटाळून बेट सोडलं. १७१५ मध्ये फ्रेंचांनी ताबा घेतला. डच आग्नेय किनाऱ्यावरच्या बंदरात राहत होते. तिथे शिडाचं जहाज वाऱ्याबरोबर आत सहज यायचं, पण बाहेर पडताना तोच वारा तोंडावर. फ्रेंचांनी वायव्येची खाडी निवडली. मागे डोंगरांची भिंत, त्यामुळे वारा अडलेला, आणि बाहेर पडताना पाठीशी. राजधानी कुठे असावी हे असं वाऱ्यानं ठरवलं. राजा लुईच्या नावानं पोर्ट लुई झालं. लोकांच्या तोंडी ते ‘पोर्लवी’ आहे.

१७३५ मध्ये आलेला गव्हर्नर माहे दे ला बुर्दोने यानं गोदी, इस्पितळ, पाण्याचे पाट, रस्ते बांधून या खाडीचं शहर केलं. भारताकडे जाणाऱ्या फ्रेंच जहाजांचा तो मुक्काम झाला. बांधणारे हात मात्र मादागास्करहून आणि आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यावरून आणलेल्या गुलामांचे होते. काही कारागीर तमिळ, पाँडिचेरीकडून आलेले.

१८१० च्या ऑगस्टमध्ये ग्रां पोरच्या लढाईत फ्रेंचांनी इंग्रजांच्या आरमाराला हरवलं. पॅरिसच्या विजयकमानीवर त्या लढाईचं नाव कोरलेलं आहे. चारच महिन्यांत, नोव्हेंबरअखेर, इंग्रज उत्तरेकडून उतरले आणि डिसेंबरात बेट त्यांचं झालं. शरणागतीच्या अटींमध्ये एक कलम फार महत्त्वाचं होतं. रहिवाशांचा धर्म, कायदे, चालीरीती तशाच राहतील. इंग्रजांना बंदर हवं होतं. बेटावर कोण कसं जगतं याच्याशी त्यांना देणंघेणं नव्हतं.

याचा परिणाम आजही रोज दिसतो. संसदेची अधिकृत भाषा इंग्रजी. वर्तमानपत्रं बहुतेक फ्रेंच. घरात, बाजारात, भांडणात आणि प्रेमात क्रिओल. दिवाणी कायद्याचं मूळ फ्रेंच, न्यायालयाची रीत इंग्रजी, शेवटचं अपील अजूनही लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलकडे. गाड्या डाव्या बाजूनं चालतात, पण गावांची नावं फ्रेंच. क्रिओल म्हणजे मोडकीतोडकी फ्रेंच, असं पूर्वी शिकलेली माणसं म्हणायची. ते चूक आहे. फ्रेंच मालक आणि नाना मुलखांतले गुलाम यांच्यात बोलण्यापुरती जी तडजोडीची बोली झाली, ती मुलांनी पाळण्यातच उचलली आणि तिची स्वतःची व्याकरण असलेली भाषा झाली. २०१२ पासून ती प्राथमिक शाळेत विषय म्हणून शिकवली जाते. भाजीबाजारात ती ऐकायला गंमत येते. कारल्याला ‘मार्गोझ’, भेंडीला ‘लालो’, चटणीला ‘सातिनी’. आणि कोथिंबिरीला ‘कोतोमिली’, जी थेट तमिळ ‘कोत्तमल्ली’ आहे.

घाट

१ फेब्रुवारी १८३५ ला मॉरिशसमधली गुलामगिरी संपली. नुकसानभरपाई म्हणून इंग्रज सरकारनं सुमारे २० लाख पौंड दिले. गुलामांना नव्हे, त्यांच्या मालकांना. सुटलेली माणसं उसाच्या मळ्यावर परत जायला तयार नव्हती, आणि का जावं? नैर्ऋत्येच्या टोकाला ल मॉर्न नावाचा ५५६ मीटरचा, ताशीव कड्यांचा डोंगर समुद्रात घुसलेला आहे. पळालेले गुलाम त्याच्या कपारीत लपून राहत. लोककथा अशी, की स्वातंत्र्य मिळाल्याची बातमी सांगायला शिपाई डोंगरावर निघाले, तेव्हा वरच्यांना वाटलं पकडायलाच आले, आणि त्यांनी कड्यावरून उड्या घेतल्या. २००८ मध्ये युनेस्कोनं हा डोंगर जागतिक वारसा म्हणून जाहीर केला. याच माणसांचा ‘सेगा’ नाच. रावान नावाचं बकऱ्याच्या कातड्याचं मोठं डफ आधी शेकोटीवर धरून तापवायचं, कातडं ताठ झालं की वाजवायचं. पाय वाळूवरून फारसे उचलायचे नाहीत, घासत न्यायचे. आज हॉटेलांत पर्यटकांसाठी जो चकचकीत सेगा होतो तो मला पाहवला नाही. पण रविवारी किनाऱ्यावर सहलीला आलेल्या एका कुटुंबाची आजी अचानक उठून नाचायला लागली, ते अजून डोळ्यांसमोर आहे.

गुलामगिरी जाणार हे आधीच दिसत होतं, मग ऊस कोण तोडणार? उत्तर होतं भारत. २ नोव्हेंबर १८३४ ला कलकत्त्याहून ‘अ‍ॅटलस’ जहाज ३६ मजूर घेऊन पोर्ट लुईला आलं. इंग्रज सरकार याला ‘महान प्रयोग’ म्हणत होतं. गुलामाऐवजी करार केलेला मजूर परवडतो का, हे पाहायचा प्रयोग. पाच वर्षांचा करार, महिना पाच रुपये आणि शिधा. एक दिवस खाडा झाला तर दोन दिवसांचा पगार कापायचा. ‘अ‍ॅग्रीमेंट’चं गिरमिट झालं ते हेच. प्रयोग मालकांच्या दृष्टीनं यशस्वी ठरला आणि मग गयाना, त्रिनिदाद, फिजी, दक्षिण आफ्रिकेतला नाताळ प्रांत, सगळीकडे तीच पद्धत गेली. विसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत साडेचार लाखांहून जास्त माणसं या एका बंदरात उतरली.

ती उतरली ती जागा पोर्ट लुईत अजून आहे. १८४९ मध्ये बांधायला घेतलेला डेपो, आज नाव आप्रवासी घाट. २००६ पासून जागतिक वारसा. भव्य काहीतरी बघायला मिळेल या अपेक्षेनं गेलात तर पाच मिनिटांत बाहेर याल. बराचसा भाग पुढे रस्त्यासाठी वगैरे पाडला गेला, उरले आहेत ते पाण्यापासून वर येणाऱ्या काही दगडी पायऱ्या, एक फाटक, नोंदणीच्या खोल्या, मोऱ्यांचे अवशेष. बाजूनं हमरस्ता धडधडत असतो. पण त्या पायऱ्यांपाशी थांबावं. जहाजावरचे आठवडे काढून, पोटात ढवळत असलेला माणूस या पायऱ्या चढून वर येई, दोन रात्री इथे काढी आणि कुठल्या मळ्यावर जायचं ते त्याला इथे कळे. पायऱ्या काळ्या पाषाणाच्या आहेत. वाई-नाशकाच्या घाटाला असतात तशाच.

नोंदणीच्या वह्या मोका इथल्या महात्मा गांधी संस्थेत जपून ठेवल्या आहेत. क्रमांक, नाव, बापाचं नाव, वय, उंची, जात, गाव, अंगावरची खूण. १८६० च्या दशकापासून पुढे फोटोही. मॉरिशसचा माणूस आपलं मूळ गाव शोधायला निघतो तो या वह्यांपासून. कारकून इंग्रज-फ्रेंच कानांनी ऐकून लिहायचा, त्यामुळे लक्ष्मणचं ‘लुक्सिमोन’ झालं. मजुरानं स्वतःचं एकेरी नाव सांगितलं, तेच पुढच्या पिढ्यांचं आडनाव झालं. मराठी घराण्यांची बरीच आडनावं ‘जी’नं संपतात ती यामुळे. कुणा एका पणजोबाचं नाव आहे ते.

मराठी माणसं मुंबई बंदरातून गेली, बरीचशी रत्नागिरीसारख्या कोकणातल्या मुलखातली. गिरमिटाच्याही आधी, १८१५ पासून, बंगाल आणि मुंबई इलाख्यातले जन्मठेपेचे कैदी इथे रस्ते बांधायला आणले जात होते. १८३६ मध्ये डार्विन पोर्ट लुईला उतरला तेव्हा त्यानं त्यांना पाहून त्यांच्याविषयी लिहून ठेवलं आहे. भोजपुरी, तमिळ, तेलुगू माणसांच्या मानानं मराठी थोडी. पण गणपती त्यांनी नेला आणि टिकवला. १८९६ मध्ये हेन्रिएटा गावात पहिल्यांदा गणपती बसला असं तिथले लोक सांगतात. आज गणेश चतुर्थीची देशभर सुट्टी असते. कोकणातली जाखडी तिथे ‘झाकरी’ झाली आहे. गोल धरून, ढोलकीवर, पायात घुंगरू. मराठी शाळेत पर्यायी विषय म्हणून शिकतात, घरी मात्र क्रिओल बोलतात. आरती तोंडपाठ असते, पण शब्दांचा अर्थ विचारला तर हसतात. यात नाक मुरडण्यासारखं मला काही वाटत नाही. आपल्यातल्या कितीजणांना ‘संकष्टी पावावें’चा अर्थ चटकन सांगता येईल?

सुट्ट्यांची यादी हेच या देशाचं खरं संविधान आहे, असं कधी कधी वाटतं. महाशिवरात्र, तमिळांची कावडी, तेलुगूंचा उगादी, चिनी नववर्ष, ईद, नाताळ. १ फेब्रुवारीला गुलामगिरीचा अंत, २ नोव्हेंबरला मजुरांचं आगमन. शिवरात्रीला पांढऱ्या कपड्यांतले लाखो लोक खांद्यावर सजवलेल्या कावडी घेऊन गंगा तलावाला चालत जातात. हा तलाव म्हणजे विझलेल्या ज्वालामुखीचं पाण्यानं भरलेलं विवर. १९७२ मध्ये त्यात गंगाजल ओतलं गेलं, तेव्हापासून गंगा तलाव. काठावर ३३ मीटर उंचीचा शंकर उभा आहे. स्वातंत्र्याचा दिवस १२ मार्च १९६८, आणि तारीख निवडली ती दांडीयात्रेची. गांधीजी स्वतः १९०१ मध्ये दक्षिण आफ्रिकेहून परतताना इथे काही दिवस राहिले होते.

सगळं गोडीगुलाबीनं चालतं असंही समजू नका. १९९८ मध्ये नव्या नोटा निघाल्या तेव्हा त्यांच्यावर हिंदी वर आणि तमिळ खाली, असा क्रम लागला. तमिळ माणसं भडकली. आम्ही आधी आलो, जुन्या नोटेवर आमची लिपी वर होती. अखेर नोटा मागे घेऊन जुन्या क्रमानं पुन्हा छापाव्या लागल्या.

पोर्लवी, सकाळ ते पाच

राजधानी लहान आहे, दीड लाखाच्या आसपास वस्तीची. बंदराकडे तोंड करून राजवाडी ताडांची दुहेरी रांग, एका टोकाला ला बुर्दोनेचा पुतळा, दुसऱ्या टोकाला सरकारी वाडा आणि त्याच्या दारात व्हिक्टोरिया राणी. फ्रेंच आणि इंग्रज असे आमनेसामने. मागे शां द मार्स हे घोड्यांच्या शर्यतींचं मैदान, १८१२ पासूनचं. १९६८ मध्ये इंग्रजांचा झेंडा उतरला तो याच मैदानात. बंदरावरच्या ब्लू पेनी म्युझियममध्ये १८४७ ची दोन टपाल तिकिटं आहेत, एक निळं, एक नारिंगी, दोन्ही जगातल्या सर्वांत महाग तिकिटांपैकी. त्यांचा रंग उडू नये म्हणून तासातून थोडाच वेळ त्यांच्यावर दिवा लावतात. बाकी वेळ नकला बघायच्या.

मला विचाराल तर म्युझियम राहू दे, सेंट्रल मार्केटच्या आसपास दालपुरीच्या गाडीपाशी उभं राहावं. भोजपुरी मजुरांनी आणलेली ही चीज. डाळ शिजवून, वाटून, कणकेत भरून पातळ लाटायची. म्हणजे आपली पुरणपोळीच, गुळाशिवाय. विकतात ती नेहमी जोडीनं, ‘एन पेर’. गाडीवाला एकावर एक दोन पुऱ्या तळहातावर घेतो, पावट्यासारख्या मोठ्या दाण्याची पातळ भाजी, टोमॅटोची रुगाय, हिरवी सातिनी असं चमच्या-चमच्यानं मारतो, गुंडाळतो, कागदात देतो. दहा सेकंदांचं काम. शेजारी गातो पिमा, म्हणजे डाळवड्याची लहान बहीण, पावात घालून. प्यायला आलूदा, म्हणजे सब्जा घातलेलं गार दूध. माशांचा ‘वेंदाय’ असतो, मोहरी-हळद-व्हिनेगरचा. गोव्याच्या विंदालूचा हा नात्यातलाच. दोघांचा मूळपुरुष पोर्तुगीज. रांगेत वकील, हमाल, शाळेची मुलं, सगळे. थोडं पुढे गेलं की कच्छी मेमन व्यापाऱ्यांनी बांधलेली जुम्मा मशीद, आणि तिच्या मागे लगेच चायनाटाउन.

शहराच्या तिन्ही बाजूंना डोंगर आहेत, ते वारा अडवतात, पण पाणी खाली लोटतात. ३० मार्च २०१३ ला दीड-दोन तासांच्या पावसानं ओढे फुगले, भुयारी वाटांत पाणी घुसलं आणि ११ जण गेले. मुंबईकराला हे वेगळं समजावून सांगायला नको.

आणि संध्याकाळी पाचनंतर हे शहर ओस पडतं. दुकानांची शटरं धडाधड खाली येतात. याचं कारणही जुनं आहे. १८६६ ते ६८ मध्ये मलेरियाच्या साथीनं पोर्ट लुईत हजारो माणसं गेली. ज्यांना परवडत होतं ती वर पठारावर, गार हवेत राहायला गेली. रेल्वे नुकतीच, १८६४ मध्ये, सुरू झाली होती, त्यामुळे वर राहून खाली कामाला येणं जमू लागलं. साथ गेली, सवय राहिली. रेल्वे पुढे बंद पडली आणि रूळ उखडले. आता बऱ्याच अंशी त्याच जुन्या मार्गावरून मेट्रो धावते. लार्सन अँड टुब्रोनं बांधलेली, २०१९ मध्ये उद्घाटन झालेली.

पाचच्या मेट्रोत आम्ही चढलो तेव्हा खाली ऊन होतं आणि शर्ट पाठीला चिकटला होता. रोझ हिलपर्यंत बरीच गर्दी उतरली. समोरच्या बाकावरच्या बाईंनी न बघताच पिशवीतून शाल काढली आणि अंगावर घेतली. पुढच्या स्टेशनाला काचेवर पावसाचे थेंब दिसायला लागले.